चौदाव्या रकान्यातलं ‘नाही’

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, चाकणमधल्या एका कारखान्यात गिअरबॉक्स जोडणीच्या लाईनवर माझा थोरला भाऊ हातातलं काम टाकून जमिनीवर बसला. आदल्या दिवशी दुपारपासून त्याला लघवी झालेली नव्हती. पावणेबारा वाजता मोशीजवळच्या एका रुग्णालयात त्याला नळी घालण्यात आली. पिशवीत सोळाशे मिलिलिटर लघवी उतरली. त्या दिवशी त्याचं वय सत्तावन्न वर्षं आणि एक महिना होतं. निवृत्तीला अकरा महिने होते.

मला कळवलं ते लाईनवर त्याच्या शेजारच्या स्टेशनला, म्हणजे शेजारच्या कामाच्या जागी, असलेल्या सहकाऱ्यानं. हा मूळचा लातूरकडचा, दादापेक्षा वर्षभरानं लहान, पंधरा वर्षं त्याच लाईनवर त्याच्या डाव्या हाताला उभा राहिलेला माणूस. फोनवर तो म्हणाला, “भाऊ, घाबरू नका. दादाचं पोट फुगलंय. दवाखान्यात नेलोत.”

संत तुकाराम नगरातून दुचाकीवर मोशीला पोहोचेपर्यंत आणखी दोन फोन आले. सुपरवायझर म्हणाला, गॅसेसचा त्रास दिसतोय. वहिनी म्हणाली, पोटाचं आहे, लवकर या. नेमकं काय झालंय हे तिघांपैकी कोणाला माहीत नव्हतं असं नाही. तिघांनाही माहीत होतं. तिघांनीही तो शब्द टाळला.

दादा खाटेवर होता. चेहरा घामेजलेला, पण आता सुटल्यासारखा. नळी पायाजवळून खाली पिशवीत गेलेली होती आणि त्यानं ती झाकायला अंगावरची चादर खाटेच्या कडेवरून जमिनीपर्यंत ओढली होती. नर्स येऊन ती चादर बाजूला करायची, कारण दर तासाला किती लघवी उतरते हे तिला मोजायचं होतं. ती गेली की दादा पुन्हा झाकायचा. दुपारपर्यंत हे चाललं.

डॉक्टर पंचेचाळिशीच्या बाई होत्या, मूत्ररोगांच्या तज्ज्ञ. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्ताचा अहवाल हातात घेतला आणि दादाला विचारलं, त्रास कधीपासून आहे.

“कालपासून, मॅडम.”

“कालपासून किडन्या एवढ्या सुजत नाहीत.”

वहिनी म्हणाली, “चार वर्षं.”

“तू गप बस गं.”

“गपच बसले होते चार वर्षं.”

मग तिनं सांगितलं, आणि डॉक्टर लिहीत गेल्या. चार वर्षांपूर्वी धार बारीक झाली. बाथरूममध्ये गेला की बराच वेळ लागायचा, बाहेर आला की पुन्हा जायचा. रात्री तीन-चारदा उठणं सुरू झालं. दोन वर्षांपूर्वीपासून घराबाहेर पडताना तो गडद रंगाचीच पँट घालू लागला. गेल्या पावसाळ्यापासून झोपेत कपडे ओले व्हायला लागले. वहिनीनं गादीवर प्लॅस्टिक अंथरलं, वर जुनी चादर घातली आणि ती रोज पहाटे पाणी यायच्या वेळेला धुतली. दादानं तिला शपथ घातली होती की हे मुलीला आणि मला कळता कामा नये. तिनं ती पाळली. हे सांगताना ती रडली नाही. ज्या आवाजात ती किराण्याची यादी सांगते, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं.

डॉक्टरांनी तिथंच कागदावर एक वर्तुळ काढून आम्हाला दाखवलं. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला एक छोटी ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिच्या मधून लघवीची नळी जाते. वय वाढलं की ही ग्रंथी बहुतेकांची वाढते आणि नळीला दाबायला लागते. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. उरलेली लघवी साठत जाते, त्या साठ्याचा दाब मागे किडनीवर येतो. हे हळूहळू होतं, म्हणून कित्येकदा दुखतही नाही. झोपेत कपडे ओले होणं ही त्यातली शेवटच्या टप्प्याची खूण, असं त्या म्हणाल्या. भरलेलं मूत्राशय वरून सांडायला लागलेलं असतं.

दादाचं क्रिएटिनिन पाच पूर्णांक आठ होतं. किडनी रक्तातून जो कचरा गाळते त्याचं हे माप. निरोगी माणसात ते एकाच्या आसपास असतं. आता एकच गोष्ट बघायची होती. तुंबलेली लघवी निघून गेल्यावर किडन्या पुन्हा कामाला लागतात की नाही. लागल्या तर किती. नाही लागल्या तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, जन्मभर. उत्तर त्या दिवशी मिळणार नव्हतं.

कर्करोगाचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यासाठीची रक्ततपासणी आज करून उपयोग नाही, नळी घातल्यावर आकडा तसाही वाढलेला येतो. काही आठवड्यांनी बघू. जाता जाता दारात थांबून त्या दादाला म्हणाल्या, “चार वर्षांपूर्वी आला असतात तर बहुधा एका गोळीवर भागलं असतं. रोज एक.”

दादानं मान हलवली, जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलणं चाललं होतं.

पुढच्या काही दिवसांत मी लातूरच्या सहकाऱ्याला, वहिनीला आणि शेवटी दादाला वेगवेगळं विचारत गेलो. तिघांचं जिथं जुळलं तेवढंच इथं देतो.

लाईन थांबत नाही. गिअरबॉक्स पुढे सरकत राहतो आणि प्रत्येक स्टेशनवरच्या माणसानं ठरलेल्या सेकंदांत आपलं काम संपवायचं असतं. कोणाला लघवीला जायचं असेल तर त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, रिलीव्हर येतो, म्हणजे तेवढ्यापुरता त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. लाईनवरच्या बत्तीस जणांमागे असे दोन रिलीव्हर. दोन चहा, एक जेवण, याशिवाय दोरी ओढणं नियमानं चालतं. प्रत्यक्षात एका शिफ्टमध्ये दुसऱ्यांदा दोरी ओढली की सुपरवायझर चालत येतो. काही बोलत नाही. घड्याळाकडे बघतो.

बोलायला बाकीचे असतात. दादाचा दिवा लागला की कोणीतरी म्हणायचं, “टँकर आला रे, बाजूला व्हा.” कोणी विचारायचं, “काय राव, वॉशर बदलायला झाला का?” दादाही हसायचा. तो स्वतःही दुसऱ्यांना असंच बोललेला होता. सहकाऱ्यानं हे मला मुद्दाम सांगितलं. बावन्नाव्या वर्षी जो माणूस दोरी ओढणाऱ्यांची टिंगल करत होता, तो त्रेपन्नाव्या वर्षी दोरी ओढायला लागला आणि सहा महिन्यांत त्यानं ती ओढणं बंद केलं.

बंद केलं म्हणजे पाणी बंद केलं. सकाळी साडेपाचच्या कंपनी बसमध्ये बसायच्या आधी एक कप चहा. मग जेवणापर्यंत काही नाही. जेवताना अर्धा ग्लास. लाईनवर पन्नाशी ओलांडलेले असे आणखी सात-आठ जण आहेत, असं सहकारी म्हणाला. त्यात तोही होता, पण हे त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांच्यात एक काढाही फिरत होता, गोखरूचा, कोणाच्या तरी गावाकडून आलेला. डब्यातून बाटलीत, बाटलीतून दुसऱ्याच्या बाटलीत. सात-आठ पुरुष एकमेकांना काढा देत होते आणि कशासाठी देतोय हे एकमेकांना सांगत नव्हते. “उष्णतेवर चांगला आहे,” एवढंच.

मार्चमधल्या त्या रविवारी दादाला सर्दी झाली. सोमवारी त्यानं कंपनीच्या प्रथमोपचार खोलीतून सर्दीच्या गोळ्या घेतल्या, दोन तिथंच आणि एक संध्याकाळी घरी. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आणखी आवळतं. ज्याची प्रोस्टेट आधीच वाढलेली आहे त्यानं विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नसतात. गोळ्या देणाऱ्यानं विचारलं नाही, दादानं सांगितलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. मंगळवारी तो तसाच बसमध्ये बसून कामावर गेला. सुट्टी घेतली असती तर कारण लिहावं लागलं असतं.

मी त्याचा सख्खा भाऊ आहे. दर रविवारी विहारात वंदनेला आम्ही एकत्र बसतो. पूर्वी तो पुढच्या रांगेत बसायचा. तीन वर्षांपूर्वी तो मागे, दाराशी, चपलांच्या जवळ बसायला लागला. मला वाटलं गुडघे दुखत असतील. विचारलं नाही. रावेतला चुलत पुतण्याच्या लग्नात तो जेवणाच्या पंगतीतून दोनदा उठून गेला. तेही मी पाहिलं.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. मी एका वर्तमानपत्रात काम करतो. सहा वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या पुरवणीत एका डॉक्टरांचा प्रोस्टेटवर लेख आला होता. डेस्कवर संपादनाला तो माझ्याकडे होता. लोक सकाळी चहाबरोबर वाचतात, असं वरून सांगण्यात आलं आणि मी ‘लघवी’ सगळीकडे काढून ‘मूत्रविसर्जन’ केलं. शीर्षकातून प्रोस्टेट गेलं, ‘वाढत्या वयातील काळजी’ आलं. जागा कमी पडली तेव्हा खाली कापलेला भाग लक्षणांचा होता: धार बारीक होणं, थांबून थांबून होणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, रात्री उठावं लागणं. सहा वाक्यं. दादाच्या घरी तो अंक येत होता. त्यानं तो लेख वाचला की नाही, त्याला आठवत नाही. वाचला असता तरी त्यात त्याला लागू पडणारं काही उरलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याला घरी सोडलं, नळीसकट. किडन्या सावरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. क्रिएटिनिन चार पूर्णांक एकवर आलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, उतरतंय, पण कुठं थांबेल ते बघायचं.

घरी आल्यावर पहिलं काम त्यानं हे केलं: वहिनीच्या जुन्या साडीची एक पिशवी शिवून घेतली आणि लघवीची पिशवी त्यात घालून बसायला लागला. दुसरं काम, सगळ्यांना मुतखडा झाल्याचं सांगायचं ठरवलं. मुतखड्यात कमीपणा नाही. तो तरुणालाही होतो, त्यात दुखतं, माणूस सहन करतो आणि लोक आपापले खडे सांगतात. भेटायला येणारे सगळे मुतखड्याला भेटून गेले. एकानं आठ मिलिमीटरचा स्वतःचा खडा मोबाइलवर दाखवला. दादानं त्याला विचारलं, केवढा दुखला होता. मी समोर बसून ते ऐकलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, लातूरचा सहकारी आला. हातात केळी होती आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. खुर्चीवर बसल्यावर त्यानं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून दादासमोर ठेवला.

“आलं का ते?” दादा म्हणाला.

“सोमवारी द्यायचेत. लाईन लीडर म्हणाला दादाकडंच घेऊन जा, अक्षर त्याचंच पाहिजे.”

वार्षिक आरोग्य तपासणीची पत्रकं होती. कंपनीत वर्षातून एकदा डॉक्टर येतात. त्याआधी प्रत्येक कामगारानं एक पत्रक भरून द्यायचं असतं. नाव, वय, स्टेशन आणि खाली वीस प्रश्न. प्रत्येकासमोर होय किंवा नाही. लाईनवर ज्याचं अक्षर चांगलं, तो सगळ्यांची पत्रकं भरतो आणि ज्याची त्याच्यासमोर नेऊन सही घेतो. ही तिथली जुनी पद्धत आहे. साहेबाला एकसारखं अक्षर आवडतं, गठ्ठा नीट दिसतो, कोणाचा वेळ जात नाही. गेली नऊ वर्षं त्या लाईनची पत्रकं दादा भरत होता. बत्तीस माणसं, वीस प्रश्न. सगळीकडे ‘नाही’.

त्यानं चष्मा लावला, साडीची पिशवी मांडीवरून बाजूला सरकवली, पेन घेतलं आणि सुरू केलं. पहिलं पत्रक झालं. दुसरं झालं. चौदावा प्रश्न मला उलट्या बाजूनं वाचता येत होता: लघवीसंबंधी काही तक्रार आहे का? तिसऱ्या पत्रकावर त्यानं तिथं ‘नाही’ लिहिलं तेव्हा मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

“काय करतोय तू?” तो म्हणाला.

“हे मलाच तुला विचारायचंय. मांडीशी काय लटकलंय ते बघ आणि मग लिही.”

“हे माझं नाही. ही दुसऱ्यांची आहेत.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? दरवर्षी हेच असतं.”

“चार वर्षं तू स्वतःच्या कागदावरही हेच लिहिलंस.”

“हो, लिहिलं,” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “होय लिहिलं तर काय होतं, तुला माहितीये? तू ऑफिसात बसतोस. गेल्या साली एकानं पाठदुखी म्हणून होय लिहिलं. सरळ माणूस, खरं लिहिलं. महिन्यात त्याला पॅकिंग शेडमध्ये टाकला. हलकं काम. लाईन गेली, ओव्हरटाइम गेला. वर्षात म्हणाले, तब्येत बरी नसेल तर घरी बसायचं बघा. तो आता एका सोसायटीच्या गेटवर बसतो. त्याची पाठ बरी झाली का, मला माहीत नाही.”

सहकारी मान खाली घालून केळ्यांच्या देठाकडे बघत होता.

मी म्हणालो, “त्याची पाठ गेली. तुझ्या किडन्या गेल्या असत्या. अजून जाऊ शकतात.”

“मग काय करू? बत्तीस जणांच्या पोटावर पाय देऊ?”

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. समोरच्या माणसाला नळी लावलेली होती. ज्यांच्यावर काढायचा ते तिथं नव्हते. मी असं काही बोललो जे भावाला बोलू नये. इथं ते देत नाही.

वहिनी आतून आली. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, गठ्ठा उलटसुलट केला आणि त्यातून एक पत्रक काढून दादासमोर ठेवलं. आजारी रजेवर असला तरी त्याचंही पत्रक त्यात होतंच. “बाकीच्यांचं काय ते मला कळत नाही,” ती म्हणाली. “हे भरा. आणि चौदा नंबरला काय लिहिताय ते मला मोठ्यानं वाचून दाखवा.”

दादानं पेन घेतलं. तेरापर्यंत लिहिलं. चौदा सोडून पंधराव्यावर गेला आणि वीसपर्यंत पूर्ण केलं. मग सही केली. मोठ्यानं काही वाचलं नाही. ते पत्रक आणि बाकीचा गठ्ठा, लिहिलेल्या तीन पत्रकांसकट, त्यानं सहकाऱ्याच्या हातात परत दिला.

“ज्याचं त्यानं लिहा म्हणावं.”

“असं कसं, भावा? सोमवारी—”

“माझा हात दुखतोय,” दादा म्हणाला.

सहकाऱ्याला सोडायला मी खाली गेलो. इमारतीच्या फाटकाशी गाडीची किल्ली लावून तो तसाच उभा राहिला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, “भाऊ, एक विचारू का? दादाला सुरुवातीला काय व्हायलं होतं? अगदी सुरुवातीला.”

मी त्याला सांगितलं. सहा वर्षांपूर्वी कापलेली सहा वाक्यं मला जवळजवळ तशीच्या तशी आठवत होती. मी विचारलं, तुम्हाला यातलं काही आहे का.

“तसं काही न्हाई,” तो म्हणाला. मग किल्ली पुन्हा काढून म्हणाला, “दोन वर्षं झाली.”

मी त्याला डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यानं कागद शर्टाच्या खिशात न ठेवता पाकिटात, आतल्या कप्प्यात ठेवला.

त्यानंतरचं जे निश्चित झालं ते असं.

सोमवारी पत्रकं दिली गेली. लाईन लीडरनं चांगल्या अक्षराचा दुसरा माणूस शोधला होता. दादाची सोडून एकतीस पत्रकं, चौदाव्या रकान्यात एकतीस वेळा ‘नाही’. लातूरच्या सहकाऱ्याच्या पत्रकातही ‘नाही’ होतं. त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. त्याची प्रोस्टेट वाढलेली निघाली, किडन्या शाबूत होत्या. त्याला रोज एक गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत धार सुधारली, हे त्यानं मला फोनवर सांगितलं, कंपनीच्या पार्किंगमधून, हळू आवाजात. गोळ्यांची पट्टी तो डब्याच्या पिशवीत व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो.

दादाचं पत्रक परत आलं. त्यावर लाल शाईत ‘अपूर्ण’ लिहिलेलं होतं.

मी कंपनीला ईमेलनं चार प्रश्न पाठवले: लाईनवरच्या कामगाराला शिफ्टमध्ये किती वेळा लघवीला जाता येतं, रिलीव्हर किती आहेत, पत्रक कोण भरतं हे कोणी तपासतं का, आणि तक्रार नोंदवलेल्या कामगाराची बदली कोणत्या नियमानं होते. अकरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याबाबत सर्व लागू नियमांचं पालन केलं जातं. मी दुसरं ईमेल पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. बातमी माझ्या भावाची असल्यामुळे मी ती लिहू शकत नव्हतो. मी टिपणं एका सहकारी वार्ताहराला दिली. त्यानं लाईनवरच्या सहा जणांना फोन केले. सहाही जण म्हणाले, असला काही त्रास कोणाला नाही. बातमी झाली नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दादाची शस्त्रक्रिया झाली. लघवीच्या वाटेनंच आत जाऊन वाढलेला भाग खरवडून काढला. तिसऱ्या दिवशी नळी काढली. दुपारी साडेतीनला त्याला स्वतःहून लघवी झाली. नर्सनं किती झाली ते मोजून लिहिलं आणि नंतर सोनोग्राफीनं आत किती उरली ते पाहिलं; फार थोडी उरली होती. दादा बाथरूममधून बाहेर आला आणि खिडकीशी उभा राहिला. वहिनीनं विचारलं, झाली का? तो म्हणाला, “मुलीला फोन लाव.” फोन लागल्यावर त्यानं मुलीला सांगितलं की लघवी झाली. तोच शब्द वापरून. त्याच्या तोंडून तो मी प्रथमच ऐकला.

काढलेल्या तुकड्यांचा अहवाल दहा दिवसांनी आला. कर्करोग नाही.

जूनमध्ये त्यानं अपूर्ण पत्रक पूर्ण करून कंपनीच्या आरोग्य विभागात स्वतः नेऊन दिलं. चौदाव्या रकान्यात ‘होय’ होतं. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला हलक्या कामासाठी योग्य ठरवलं. जुलैत तो पॅकिंग शेडमध्ये रुजू झाला. तिथं डोक्यावर दोरी नाही. शौचालय शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे.

किडन्यांचं उत्तर तुकड्यातुकड्यानं मिळालं. शस्त्रक्रियेआधी क्रिएटिनिन तीन पूर्णांक दोन होतं. जूनअखेर दोन पूर्णांक सहा. ऑगस्टमध्ये दोन पूर्णांक तीन. डॉक्टर म्हणाल्या, डायलिसिसची आत्ता गरज नाही. याहून खाली येईल असं वाटत नाही. मीठ कमी, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, दर महिन्याला रक्त तपासायचं. दुखणं कमी करायच्या गोळ्या आयुष्यात घ्यायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दादानं विचारलं, पाणी किती प्यायचं. त्या म्हणाल्या, तहान लागली की प्या, थांबू नका.

सप्टेंबरमधली तपासणी दुसऱ्या शुक्रवारी झाली. क्रिएटिनिन दोन पूर्णांक पाच आलं, ऑगस्टपेक्षा वर.